पी-५३ दोन पानं, मिशेरी अर्धी ओळ

"डॉक्टरबाई, नमस्कार. कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझी खानावळ आहे. वय ४६. वर्ष झालं, दोन्ही गालांना आतून आग होते. आरशात बघितलं तर पांढरी जाळी दिसते, मध्येमध्ये लाल. डेंटल कॉलेजला दाखवलं. त्यांनी गालाचा तुकडा काढून तपासला. रिपोर्टात 'ओरल लायकेन प्लॅनस, डिसप्लेसिया नाही' असं आलं. लावायला मलम दिलं. तिथल्या एका शिकाऊ डॉक्टरनं 'उरलेला तुकडा माझ्या प्रबंधासाठी वापरू का' असं विचारलं, मी सही दिली. दोन महिन्यांनी परत गेले तर तोच पोरगा जिन्यात भेटला. मी आपलं सहज विचारलं, काय निघालं माझ्या तुकड्यात. तो म्हणाला, 'काकू, पेशी मरण्याची प्रथिनं बघितली. बीसीएल-टू कमी आहे, बॅक्स जास्त आहे आणि पी-५३ पॉझिटिव्ह आहे.' आणि घाईत निघून गेला. मुलगी बी.एस्सी.ला आहे. तिनं मोबाइलवर बघितलं तर पी-५३ म्हटलं की सगळीकडं कॅन्सरच. पंधरा दिवस डोळ्याला डोळा नाही."

पत्र याच्यापुढं आणखी दोन पानं आहे. सगळं छापत नाही, पण त्यातले प्रश्न असे. पेशी मरायला लागल्यात म्हणजे गाल आतून सडायला लागलाय का? प्रथिन कमी पडलंय तर अंडी, कडधान्य वाढवू का? हीच तपासणी पुण्या-मुंबईला पैसे भरून परत करून घेऊ का? मलमात स्टिरॉइड आहे हे कळल्यावर लावायचं थांबवलंय, बरोबर केलं का? रस्सा चाखल्याशिवाय खानावळ चालवायची कशी? जाऊबाईंनी चहाचा कप वेगळा काढलाय, त्यांना काय सांगू? आणि ताजा कलम: "रिपोर्ट देव्हाऱ्यात अंबाबाईपुढं ठेवलाय."

ताई, आधी झोपेचं बघू. जिन्यात ऐकलेल्या तीन नावांवरून तुम्हाला कॅन्सर झालाय असं म्हणता येत नाही. ते सांगणारा कागद वेगळा असतो आणि तो तुमच्याकडं दोन महिन्यांपूर्वीच आलाय. 'डिसप्लेसिया नाही', म्हणजे पेशी कॅन्सरच्या वाटेला लागलेल्या नाहीत, ही त्यातली ओळ परत वाचा. पेशींचा आकार बदललाय का, थरांची रांग मोडलीय का, केंद्रकं मोठी आणि गडद झालीत का, हे सगळं बघून झाल्यावर ती ओळ लिहितात. मी नोकरीभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून हेच केलंय. ती ओळ कुणी उगाच लिहीत नाही.

त्या पोरावर रागावू नका. तो खोटं बोलला नाही, फक्त जिन्यात बोलला. तसला गुन्हा माझ्याही हातून झालाय. नवी नवी नोकरी होती. एका आजोबांना मी मोठ्या हौसेनं स्लाइड दाखवली, 'हे तपकिरी दिसतंय ना, ते पॉझिटिव्ह.' रंग छान उतरला याचाच मला आनंद. आजोबांनी घरी जाऊन जमिनीच्या वाटण्या करून टाकल्या. पुढं त्यांना त्या आजाराचं काही झालं नाही, पोरांपोरांत मात्र कायमचं वैर झालं. तेव्हापासून मी पेशंटपुढं 'पॉझिटिव्ह' हा शब्द जपून काढते.

आता तुमच्या गालात काय चाललंय ते सांगते. लायकेन म्हणजे तुमच्या मसाल्याच्या डब्यातलं दगडफूल. झाडाच्या सालीवर, खडकावर पसरतं तसं कातडीवर काही पसरलेलं दिसलं म्हणून जुन्या डॉक्टरांनी ते नाव उचललं, आणि प्लॅनस म्हणजे सपाट. इरॅस्मस विल्सन नावाच्या इंग्रज डॉक्टरनं १८६९ मध्ये या रोगाचं वर्णन केलं. वरच्या पांढऱ्या रेघांकडं १८९५ मध्ये विकॅम या फ्रेंच डॉक्टरनं लक्ष वेधलं, त्या रेघांना अजून त्याचंच नाव आहे. (दगडफूल खाल्ल्यानं हा रोग होतो असा अर्थ कृपा करून काढू नका. नाहीतर उद्या कांदा-लसूण मसाल्यातनं ते गायब व्हायचं आणि तुमची गिऱ्हाइकं माझ्या नावानं खडे फोडायची.)

शंभर मोठ्या माणसांत साधारण एखाद्याला हा असतो. त्यात बायका जास्त, त्याही तुमच्या वयाच्या आगेमागे. कातडीवर झाला तर मनगटावर वगैरे जांभळट, चपट्या, खाजणाऱ्या पुटकुळ्या येतात आणि बहुतेकदा वर्ष-दोन वर्षांत जातात. तोंडातला मात्र मुक्कामाला येतो. का येतो, याचं थोडंफार उत्तर त्या पोराच्या प्रथिनांत आहे, म्हणून तर तो त्याच्यावर प्रबंध लिहितोय.

गालाचं आतलं अस्तर थरावर थर असं असतं. सगळ्यात खालच्या थरात नव्या पेशी जन्मतात, वर सरकतात आणि काही आठवड्यांत थुंकीबरोबर गळून जातात. लायकेन प्लॅनसमध्ये आपल्याच अंगातले राखणदार, म्हणजे टी-पेशी, त्या खालच्या थराच्या पायथ्याशी येऊन दाटी करतात. स्लाइडवर ती दाटी निळ्या पट्ट्यासारखी दिसते, पातळाला काठ असावा तशी. मग खालच्या थरातल्या पेशींना त्या मारायला लागतात. त्यांच्या तऱ्हा एकदोन आहेत. पेशीच्या अंगावर फॅस नावाची कडी असते. ती बाहेरून वाजवली की पेशी आवराआवर करून मरायला निघते. नाहीतर टी-पेशी परफोरिन नावाच्या प्रथिनानं भिंतीला भोक पाडते आणि त्यातून ग्रॅन्झाइम आत सोडते. वाट कुठलीही धरा, शेवटी कॅस्पेज नावाच्या कात्र्या सुटतात आणि पेशी आतल्या आत स्वतःचे तुकडे करते. अशा मेलेल्या पेशी अस्तरात गुलाबी गोळ्यांसारख्या अडकून राहतात. त्यांना सिव्हाट पिंड म्हणतात. तुमच्या रिपोर्टात हा शब्द असला तर घाबरू नका, निदान बरोबर असल्याची ती खूण आहे.

हे सडणं नव्हे. पेशी सडते तेव्हा ती फुगते, फुटते आणि आतलं सगळं शेजाऱ्यांच्या अंगावर सांडतं. इथं पेशी आकसते, आपलं सामान पुड्या बांधून ठेवते आणि शेजारच्या पेशी त्या पुड्या गिळून टाकतात. या मरणाला १९७२ मध्ये केर, वायली आणि करी या तिघांनी अपॉप्टोसिस असं नाव दिलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पानगळ. रंकाळ्याच्या काठची झाडं पानं टाकतात तेव्हा झाड मेलं असं आपण म्हणत नाही. पोटातल्या बाळाची बोटं सुटी होतात ती मधल्या पेशी अशाच गळून जातात म्हणून. एका एवढ्याशा किड्याच्या अंगात वाढताना १०९० पेशी तयार होतात आणि त्यातल्या १३१ ठरल्याप्रमाणे मरतात; कोणती कधी मरणार हेही ठरलेलं. या किड्यावरच्या कामासाठी ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना २००२ चं नोबेल मिळालं. तेव्हा मरण्याची ही रीत मूळची रोगट नाही. तुमच्या गालात ती नको त्या जागी आणि नको तितकी चाललीय, एवढंच.

आता तुमची तीन नावं. पेशीच्या आत मायटोकॉन्ड्रिया असतात, त्या तिच्या चुली समजा. बॅक्स हे प्रथिन चुलीवरच्या भांड्याला भोकं पाडतं. आतलं सायटोक्रोम-सी नावाचं प्रथिन बाहेर सांडलं की त्या कॅस्पेजच्या कात्र्या सुटल्या. बीसीएल-टू हे बॅक्सचा हात धरून ठेवतं. दोघांत कुणाचं पारडं जड, यावर पेशी राहणार की जाणार ते बरंचसं ठरतं. तुमच्या अस्तरात बीसीएल-टू कमी आणि बॅक्स जास्त, म्हणजे तिथल्या पेशी मरणाकडं झुकलेल्या. पण ताई, रोगच तो आहे! पाऊस पडतोय हे पत्र्याच्या आवाजावरून कळलेलंच होतं, त्या पोरानं अंगणातलं पाणी मोजून दाखवलं.

मुलीला बीसीएलचं पूर्ण नाव सापडलं असेल तर त्यात 'लिम्फोमा' शब्द दिसला असेल, म्हणजे आणखी एक रात्र गेली. हे प्रथिन पहिल्यांदा लसिका गाठींच्या एका कॅन्सरमध्ये सापडलं म्हणून ते नाव चिकटलं. असतं ते तुमच्या, माझ्या, जाऊबाईंच्या, सगळ्यांच्या पेशींत.

मला या सगळ्यात चक्रावून टाकणारी गोष्ट वेगळीच वाटते. वरच्या अस्तरात बीसीएल-टू कमी, पण खाली काठासारख्या दाटलेल्या त्या टी-पेशींत मात्र ते भरपूर, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. म्हणजे मार खाणारे पटापट मरतात आणि मारणारे लवकर मरत नाहीत. एरवी काम झालं की टी-पेशींनीही पानासारखं गळून जायचं असतं. वस्तादानं कुस्ती सोडवली तरी गडी हौदा सोडेनात, तशी ही गत. तोंडातला लायकेन वर्षानुवर्षं का टिकतो, मध्येच निवतो आणि परत का उसळतो, याचा एक धागा इथं सापडतो. सगळ्यांचे निकाल सारखे येत नाहीत हेही खरं. कुणाला बॅक्समध्ये मोठा फरक दिसतो, कुणाला काहीच नाही. म्हणून तर दर दोन-चार वर्षांनी कुणीतरी पोरगा नव्यानं तुकडे मागत फिरतो. तुम्ही सही दिलीत ते चांगलंच केलंत.

राहिलं पी-५३. त्यातला ५३ हा आकडा नुसता वजनाचा आहे. १९७९ मध्ये सापडलं तेव्हा मोजलं त्यावरून पडलेलं नाव. काम म्हणाल तर पेशीतल्या हवालदाराचं. डीएनएला इजा झाली की पी-५३ पेशीला थांबवतं: आधी दुरुस्ती कर, मग एकीच्या दोन हो. दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर बॅक्सला हाक मारून तिला मरायला लावतं. साध्या, निवांत पेशीत हे प्रथिन तयार होतं आणि थोड्या वेळात मोडूनही टाकलं जातं, म्हणून रंग देऊन शोधलं तर फारसं दिसत नाही. पेशीवर ताण आला की मोडणं थांबतं, ते साठतं आणि स्लाइडवर केंद्रकं तपकिरी दिसतात. तुमच्या गालात रोज मारामारी चाललीय आणि मेलेल्यांच्या जागी घाईघाईनं नव्या पेशी जन्मतायत. तिथं हवालदार दिसला नसता तरच नवल.

मग मोबाइलवर सगळीकडं कॅन्सर का दिसतो? कारण कॅन्सरमध्ये पुष्कळदा हेच प्रथिन बिघडलेलं असतं, आणि बिघडलेलंही मोडलं जात नाही, तेही साठतं, तेही तपकिरीच दिसतं. कामावरचा हवालदार आणि नुसता गणवेश घालून बसलेला, दोघांचा रंग एकच. त्या साध्या रंगावरून कोण कुठला हे प्रत्येक वेळी ओळखता येत नाही. म्हणून 'पी-५३ पॉझिटिव्ह' एवढ्या दोन शब्दांना, बाकीचा रिपोर्ट चांगला असताना, मी घाबरणार नाही.

आणखी एक. प्रबंधात लायकेनच्या रुग्णांचे काही तुकडे घेतात, निरोगी माणसांचे काही घेतात आणि दोन्ही घोळक्यांची सरासरी लावतात. त्यातून रोगाविषयी कळतं. त्या घोळक्यातल्या एका बाईचं पुढं काय होणार हे त्यातून कळत नाही, तो पोरगा त्यासाठी ते करतही नाही. तेव्हा पुण्या-मुंबईला जाऊन हीच तपासणी परत करायला पैसे घालू नका. या तीन प्रथिनांच्या आकड्यावरून तुमचं औषध आज कुणीही बदलणार नाही. जाळीचं रूप बदललं तर परत तुकडा काढावा लागेल, तो साध्या तपासणीसाठी, आणि तेव्हा मात्र टाळाटाळ करू नका.

अंड्यांचं म्हणाल तर खुशाल खा. पण खाल्लेलं प्रथिन पोटात सुटं होतं. बॅक्स नि बीसीएल-टू पेशी आपली आपण घडवते, बाहेरून भर घालता येत नाही.

आता तुमच्या पत्राच्या तिसऱ्या पानावर येते. वरून सातवी ओळ: "सकाळची मिशेरी सोडली तर मला कसलंही व्यसन नाही."

ताई, पी-५३ वर तुम्ही दोन पानं लिहिलीत आणि मिशेरीवर अर्धी ओळ. मला झोप लागू देणार नाही ती ही अर्धी ओळ. तव्यावर भाजून कुटली, काळी झाली, आईनं लावली, आजीनं लावली, तरी ती तंबाखूच आहे. बोटानं दातांना चोळता तेव्हा ती गालाच्या नेमक्या त्याच अस्तराला लागते जिथं तुमची जाळी आहे. तिच्यात नायट्रोसामिन नावाची रसायनं असतात आणि ती डीएनएवर घाव घालतात; बिनधुराच्या तंबाखूनं तोंडाचा कॅन्सर होतो हे जगभरात मान्य झालेलं सत्य आहे, त्यात आता दुमत नाही. पी-५३ दिसलं म्हणून घाबरता आणि त्याच पी-५३ ला रोज सकाळी नवं काम लावून देता. शिवाय तंबाखू-पानाच्या सवयीनं लायकेनसारखीच दिसणारी जाळी उठू शकते, म्हणून मिशेरीबद्दल कॉलेजातल्या डॉक्टरांना सांगितलं होतंत का हे मला आधी कळायला हवंय. सांगितलं नसेल तर पुढच्या खेपेला पहिलं वाक्य तेच बोला. माझा अंदाज, तुम्ही सांगितलं नाही. 'व्यसन आहे का' विचारलं की आपल्याकडच्या बायका 'नाही' म्हणतात. मिशेरीला त्या व्यसनात मोजतच नाहीत. तपासणाऱ्यानंही नाव घेऊन विचारलं पाहिजे, हे मी माझ्या विद्यार्थ्यांच्या कानीकपाळी ओरडत आले.

'लावली नाही तर पोट साफ होत नाही' हेही तुम्ही म्हणाल. होतं खरं तसं. निकोटिन आतड्याला चाळवतं आणि त्याची सवय लागते. सोडल्यावर पहिला आठवडा-दोन आठवडे डोकं दुखेल, चिडचिड होईल, सकाळी अडून बसल्यासारखं वाटेल. कोमट पाणी, थोडं चालणं, आणि गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जात असाल तर तेही बिनघोर प्या. १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडवण्यासाठीची सरकारी मोफत फोनसेवा आहे, तिथं बोला, मुलीला लावून द्यायला सांगा. निकोटिनची च्युइंगगम तुमच्या सोललेल्या गालाला झोंबेल, लागलीच तर चिकटवायच्या पट्टीबद्दल डॉक्टरांना विचारा. दात घासायला मऊ ब्रश आणि कमी फेसाची, सौम्य चवीची पेस्ट घ्या. जास्त फेस आणणारा घटक आणि जहाल पुदिना दोन्ही अशा गालाला लागतात.

खरा धोका किती, तेही स्पष्ट सांगते, झाकून ठेवत नाही. जागतिक आरोग्य संघटना तोंडातल्या लायकेन प्लॅनसला पुढं कॅन्सर होण्याची शक्यता असलेल्या विकारांत धरते. अनेक देशांतल्या रुग्णांचे आकडे एकत्र केले तर शंभरात साधारण एकाला तसं होतं, तेही वर्षानुवर्षांच्या काळात. म्हणजे नव्याण्णवांना नाही. नुसत्या पांढऱ्या जाळीपेक्षा लाल, सोललेल्या प्रकारात जास्त, जिभेवर असेल तर जास्त, सिगारेट-दारू असेल तर जास्त. तुमच्यात लाल भाग आहे, म्हणून दर सहा महिन्यांनी तपासणी. आग थांबली तरी जायचं. मधल्या काळात महिन्यातून एकदा उजेडात आरशापुढं उभं राहून दोन्ही गाल ओढून बघा. दोन आठवड्यांत न भरलेला व्रण, बोटाला कडक लागणारी जागा, वाढणारी गाठ, एकाच बाजूला जाड होत गेलेला पांढरा चट्टा, मानेत गाठ, उगाच हलायला लागलेला दात किंवा ओठाला मुंग्या, यातलं काही दिसलं तर सहा महिन्यांची वाट बघायची नाही, त्याच आठवड्यात जायचं.

जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. रक्तदाबाच्या काही गोळ्या, सांधेदुखीच्या काही, साखरेच्या काही गोळ्यांनी लायकेनसारखी जाळी येऊ शकते. आपल्या मनानं गोळी बंद मात्र करू नका. ते ठरवणं तुमच्या डॉक्टरांचं. चांदीच्या भरलेल्या दाढेला लागूनच जाळी असेल तर तेही दाखवा. टोकदार दाढ गालाला घासत असेल तर ती गुळगुळीत करून घ्या, घासलेल्या जागी हा रोग हट्टानं उठतो.

मलम बंद केलंत ते चुकलं. तुमच्या डोक्यात स्टिरॉइड म्हटलं की तालमीतल्या पोरांची ती इंजेक्शनं असणार. कोल्हापुरात राहून दुसरं काय येणार डोक्यात! पण अंग फुगवायला टोचतात ती वेगळी जात आणि गालावर लावायचं हे वेगळं. हे मलम त्या पायथ्याशी जमलेल्या टी-पेशींना शांत करतं, त्यातल्या बऱ्याच गळूनही जातात. म्हणजे जे बीसीएल-टू होऊ देत नव्हतं तेच हे घडवून आणतं. लावायची रीत सांभाळा. जेवण झालं, चूळ भरली, गाल स्वच्छ कापडानं कोरडा टिपला, मग बोटाच्या टोकावर पातळ थर, आणि पुढं अर्धा तास खाणं-पिणं नाही. रात्री झोपताना लावलेलं सगळ्यात जास्त टिकतं. पुष्कळ दिवस लावल्यावर पुसलं तर निघणारा, दह्यासारखा पांढरा थर आला तर ती बुरशी. तिच्यावर वेगळं औषध असतं. किती दिवस लावायचं हे ज्यांनी दिलं त्यांनाच विचारा, वर्षभर आपलं आपण लावत राहू नका. हळदीतल्या कर्क्युमिनवर या रोगात प्रयोग झालेत आणि काहींना आग कमी वाटल्याचं दिसलंय, पण म्हणून सोललेल्या गालाला डब्यातली हळद चोळायची नाही.

आणि खानावळ. बंद करायची गरज नाही, हे ठासून सांगते. मिरचीनं लायकेन प्लॅनस होत नाही. मिरचीतलं कॅप्सायसिन उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंना फसवतं, अस्तर पातळ झालेलं असलं की ते तंतू जवळपास उघडे असतात, म्हणून लवंगी मिरची तुम्हाला निखाऱ्यासारखी लागते. आगीनं रोग वाढतो असं नाही, पण आग नको म्हणून तुम्ही जेवण कमी केलंय, हे तुमच्या पत्रातच आहे, आणि ते वाईट.

चाखायची जागा बदला. मीठ अळणीतच बघा. मटण शिजलं, तिखट पडायच्या आधीचं ते पाणी तुमच्या गालाला चालेल. पांढरा रस्सा कोमट करून चमच्याच्या टोकानं घ्या, नारळाच्या दुधानं झोंबणार नाही, मात्र मिरे घालायच्या आधी चाखा, नाहीतर चाखूच नका. तांबड्याला वाटीचं माप ठरवा: किती किलोला किती चटणी, किती कट. सतरा वर्षं अंदाजानं केलंत म्हणालात, म्हणजे माप तुमच्या हाताला पाठच आहे, फक्त एकदा वजनकाट्यावर टाकून कागदावर उतरवा. शेवटची चव मुलीकडं द्या. ती नाक मुरडेल, पण पी-५३ शोधणाऱ्या मुलीला मीठ शोधता आलंच पाहिजे. तुमचं स्वतःचं ताट: दहीभात, मूगडाळीची खिचडी, लोणी, पिकलेलं केळं, गार झालेली भाजी. कडक भाकरीचा पापुद्रा, चिवडा, फरसाण, लिंबू आणि उकळता चहा, गाल लाल असेपर्यंत नको. गाल निवला की रविवारी चार चमचे तांबडा घ्या, मी काही बघायला येत नाही.

जाऊबाईंना सांगा, हा रोग उष्ट्यातून, कपातून, थुंकीतून, कशातूनच पसरत नाही. यात जंतू नाही, आपल्याच पेशींचं आपसातलं भांडण आहे. कप वेगळा ठेवायचाच असेल तर मिशेरीच्या डबीसाठी ठेवावा म्हणावं, ती डबी तुमच्या घरात आणखी कोणकोण वापरतं ते मला ठाऊक आहे.

राहता राहिला देव्हाऱ्यातला रिपोर्ट. अंबाबाईला हात जोडा, पण कागद तिथून काढा. त्याच्या दोन झेरॉक्स करा, एक खानावळीच्या गल्ल्यात, एक घरी. मूळ कागद फाइलीत घाला आणि फाइलीवर पुढच्या तपासणीची तारीख लिहा. देव्हाऱ्यातला कागद तेलकट होतो, अक्षरं पुसतात, आणि सहा महिन्यांनी नवा डॉक्टर विचारेल तेव्हा 'डिसप्लेसिया नाही' हीच ओळ त्याला वाचता यायची नाही.